दोन्या प्रोवीचा नावडता खलबत्ता

एलेचोसच्या वाडीतली पोरं एक गोष्ट फार लवकर शिकतात. फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोठ्या आशेने झाकण उघडावं, तर आत दगडासारखं गोठलेलं हिरवंगार वाटण. सोफ्रितो. निम्म्या वाडीच्या फ्रीजरमध्ये ते दोन्या प्रोवीच्या, म्हणजे प्रोवीबाईंच्या, हातचं असायचं. म्हणजे हातचं नव्हे, मिक्सरचं. कुणी चुकून ‘हातचं’ म्हणालं तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

“हात आहेत ते तोंड धुवायला. वाटायला यंत्र आहे.”

या रागाचं मूळ तिच्या लहानपणात होतं. प्रोवी आठ भावंडांतली तिसरी. सातव्या वर्षी आईने तिला कासिल्दा मावशीकडे नेऊन सोडलं. मावशीची रस्त्याच्या वळणावर खानावळ होती. तंबाखूच्या मळ्यांवरचे चाळीस-चाळीस गडी दुपारी एका दमात जेवायला यायचे, आणि चाळीस माणसांच्या राजम्याला वाटणही चाळीस माणसांचं लागायचं. मावशीने तिच्यापुढे ग्वायाकानच्या लाकडाचा खलबत्ता ठेवला. तो इतका जड, की प्रोवीला तो हलवता यायचा नाही. तीच त्याच्याभोवती फिरायची. आधी खडेमीठ आणि लसूण. मग रेकाओ, म्हणजे आमच्याकडची ती लांब, कातरकाठाची, साध्या कोथिंबिरीपेक्षा चौपट वासाची पानं. मग कांदा, मग गोड मिरच्या, दिसायला तिखट पण चवीला अगदी गरीब. शेवटी ओव्याच्या पानांसारखी जाड ओरेगानोची पानं. रोज पहाटे एक घाणा, शाळेतून आल्यावर दुसरा.

“कूट, कूट! वाटण गुळगुळीत नको, पण एकही लसूण साबूत दिसता कामा नये,” मावशी चुलीकडून ओरडायची.

हात कितीही घासले तरी वास जायचा नाही. शाळेत तिचं नाव पडलं ‘लसूण’. तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. बसायची ती एकटी तोमासा, कारण तोमासाचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं. पुढे पन्नास वर्षं टिकलेल्या मैत्रीचा पाया असा एका पडशावर घातला गेला होता.

प्रोवी एकवीस वर्षांची झाली आणि एलादिओने तिला मागणी घातली. एलादिओ रस्त्याच्या कामावर होता. देखणा, सडपातळ, आणि बोलताना डोळे मिचकावायची त्याला खोड. प्रोवीने त्याला खानावळीच्या मागच्या दारी उभं करून आपली अट सांगितली.

“अंगठी नको. घर कसंही चालेल. मला मिक्सर हवा.”

“आणतो की. पण प्रोवी, वाडीत वीज कुठाय?”

“मग वीज आल्यावर लग्न करू.”

एलादिओला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पोरगी थट्टा करत नव्हती. सरकारच्या विजेचे खांब तेव्हा कुठे खालच्या गावापर्यंत पोचले होते. मग या बहाद्दराने रस्त्याचं काम सोडलं आणि खांबांच्या टोळीत भरती झाला. चौदा महिने डोंगरावर खड्डे खणले. वाडीतला शेवटचा खांब त्याने स्वतः उभा केला, हात धुतले, आणि तसाच मातीच्या कपड्यांत पाद्रींकडे लग्नाची तारीख काढायला गेला. एलेचोसमध्ये आजही बायका नवऱ्यांना टोमणा मारतात, “एलादिओने वीज आणली होती, तुमच्याच्याने पाव आणवत नाही.”

मिक्सर आला तो वाडीतला पहिला. पहिल्या दिवशी बारा बायका परड्या घेऊन दारात उभ्या. प्रोवीने बटण दाबलं, घर्रर्र झालं, आणि चाळीस माणसांचं वाटण पाव तासात तयार. ती म्हणे त्या दिवशी स्वयंपाकघरातच मटकन बसली आणि हसत सुटली. पुढे कासिल्दा मावशी वारली आणि तो खलबत्ता वारशाने प्रोवीकडे आला. तिने तो पुसला, बैठकीच्या कोपऱ्यात ठेवला, आणि त्यात प्लास्टिकची फुलं खोचून टाकली.

“आता निवांत बस म्हणावं याला,” ती एलादिओला म्हणाली. “मला फार नाचवलंय याने.”

तोमासा लग्न होऊन शेजारच्याच घरात आली. दोन घरांच्या मध्ये एक तारेचं कुंपण. प्रोवीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोमासा धर्ममाता झाली, तेव्हापासून दोघी एकमेकींना ‘कोमाय’ म्हणायच्या. विहिणीपेक्षा जवळचं आणि बहिणीपेक्षा खेळकर असं ते नातं. सगळं सुरळीत चाललेलं, आणि भांडण झालं तेही वाटणावरूनच.

त्याचं असं झालं, की तोमासा वाटणात टोमॅटो आणि लाल ढोबळी मिरची घालायची. लाल वाटण. प्रोवीला ते कधी पटलं नाही, पण ती गप्प होती. एका बारशाच्या जेवणात प्रोवीच्या राजम्याचा घास घेऊन तोमासा सगळ्यांदेखत म्हणाली, “छान आहे हो. फक्त अंगणातलं गवत कापल्यावर वास येतो ना, तसा जरासा येतोय.”

लोक हसले. प्रोवी हसली नाही.

“आणि तुझं वाटण म्हणजे ताप आलेला टोमॅटो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघींचं ‘कोमाय’ बंद झालं. बोलणं बंद झालं असतं तर बरं, पण त्याहून वाईट झालं. दोघी एकमेकींना अहोजाहो करू लागल्या. “दोन्या तोमासा, तुमची कोंबडी आमच्याकडे आली आहे.” “आभारी आहे दोन्या प्रोवी, तिला परत पाठवून द्यावं.” असं अकरा वर्षं चाललं. एलादिओ तेवढा दोन्ही घरी जेवायचा. प्रोवीने विचारलं की म्हणायचा, “तिच्याकडचं काय खातोय, नुसता चाखतोय,” आणि तोमासाकडेही नेमकं हेच सांगायचा.

मग त्या सप्टेंबरात वादळ आलं.

वादळाचं काय सांगायचं! एक रात्र आणि अर्धा दिवस डोंगर नुसता किंचाळत होता. थांबलं तेव्हा एलेचोसमधलं एकही माणूस दगावलं नव्हतं, ही मोठीच कृपा. पण तोमासाच्या स्वयंपाकघराचे पत्रे उडून कॉफीच्या मळ्यात जाऊन पडले होते. नदीवरचा पूल वाहून गेला होता. झाडांवर पान म्हणून शिल्लक नव्हतं. सगळा डोंगर जाळल्यासारखा तपकिरी. आणि एलादिओने उभे केलेले खांब एकामागोमाग एक आडवे झालेले. त्याने ते मोजलेही नाहीत. नुसता कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, “आता हे कुणाच्या लग्नासाठी उभे करायचे ते दुसऱ्याने बघावं. मी त्र्याहत्तरीच्या पुढचा आहे.”

तिसऱ्या दिवशी फ्रीजर पाझरू लागले. घराघरातलं मांस वितळलं, आणि आइस्क्रीमच्या डब्यांतलं वाटणही. टाकायचं तर जिवावर येतं, ठेवायचं तर नासतं. एलादिओने देवळाच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, डुक्कर भाजण्याच्या दिवसांत चरबी काढायला वापरतात ते भलंमोठं पातेलं चढवलं, आणि आरोळी दिली, “ज्याच्याकडे जे आहे ते आणा! आज सगळी वाडी एका पंगतीला!”

लोक डबे घेऊन आले. प्रोवी आपले सहा घेऊन आली. पलीकडून तोमासा चार घेऊन आली. दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

“एलादिओ, यांचं लाल वेगळ्या भांड्यात घे,” प्रोवी म्हणाली.

“भांडं एकच आहे.”

“मग माझं मी घरी नेते.”

“घरी नेऊन काय करशील? अंगाला लावशील?” असं म्हणून एलादिओने तिच्या हातातला डबा घेतला, तोमासाच्या हातातला घेतला, आणि दोन्ही एकदमच उपडे केले. हिरव्यात लाल, लालात हिरवं. सत्तावीस घरांचं वाटण त्या दिवशी एका पातेल्यात पडलं. त्याचा वास उठला आणि तीन दिवस रडवेली झालेली माणसं चुलीभोवती गोळा होऊन बडबडू लागली. प्रोवीने दोन ताटं भात-राजमा खाल्ला. कसा झालाय, असं तोमासाच्या नातीने, यारेलीसने विचारलं, तर म्हणाली, “भूक लागली होती.”

त्यानंतर आठवड्यामागून आठवडे गेले. मदतीचे डबे नदीपलीकडून दोरावर बांधलेल्या टोपलीतून यायचे. डब्यातला राजमा, डब्यातलं सॉसेज, डब्यातलं मांस. पोट भरायचं, पण जिभेला काहीच कळायचं नाही. वाटण नव्हतं, मिक्सर मुके होते. विकतच्या पुडीतला मसाला टाकून लोक कसंबसं गिळत. “जेवलो” असं म्हणताना माणसं खाली बघायला लागली होती.

यारेलीसचं लग्न नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ठरलेलं. नवरा मुलगा आब्दिएल नदीपलीकडचा. रोज दुपारी तो पलीकडच्या खडकावर येऊन उभा राहायचा, ही अलीकडच्या. नदीच्या आवाजावरून ओरडून ओरडून दोघं बोलायची, त्यामुळे त्यांचं सगळं खाजगी सगळ्या वाडीला पाठ झालं होतं. एक दिवस यारेलीस ओरडली, “पुढे ढकलू या! लोकांना काय डब्यातलं सॉसेज वाढायचं?” पलीकडे पोराने खडकावरच बसकण मारली.

त्याच संध्याकाळी तोमासा कुंपणाशी आली.

“दोन्या प्रोवी, आहात का?”

“कुठे जाणार? पूल नाही.”

तोमासाच्या हातात प्लास्टिकची बादली होती, आणि बादलीत गोड मिरचीचं झुडूप. हिरव्या-लाल मिरच्यांनी लगडलेलं. सगळ्या डोंगरावर एक पान उरलं नव्हतं आणि हे झाड असं, जसं काही झालंच नाही.

प्रोवी बघतच राहिली. “हे कुठून आणलंत?”

“वादळात न्हाणीघरात घेऊन बसले होते. मांडीवर.”

“झाड?”

“नवरा नाही उरला, मग झाड घेतलं.”

प्रोवीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. तोमासा पुढे म्हणाली, “माझ्याकडे मिरची आहे. लसूण-कांदा टोपलीतून मागवता येईल. रेकाओ तुमच्याकडे असेल. असेल ना?”

होता. कॉफीच्या मळ्यात पडलेल्या झाडांच्या फांद्या एलादिओने बाजूला केल्या होत्या, तर त्यांच्या खाली ओल्या सावलीत रेकाओ जमिनीला चिकटून जिवंत होता. एवढंच नव्हे, चांगला माजला होता.

“रेकाओ आहे,” प्रोवी म्हणाली. “पण वाटायचं कशावर?”

तोमासाने दारातून आत, बैठकीच्या कोपऱ्याकडे बघितलं. प्रोवीनेही तिकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

“नाही.”

“दोन्या प्रोवी, पोरीचं लग्न आहे.”

“शंभर वेळा नाही. त्या बत्त्याला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली आहे मी. कासिल्दा मावशीच्या समोर.”

“कासिल्दा मावशी गेली त्याला चाळीस वर्षं झाली!” तोमासा एकदम भडकली. “आणि शपथ काय सांगतेस मला? त्या शाळेत तुझ्याशेजारी कोण बसत होतं? तुझ्या हाताच्या वासाची अडचण जगात मला एकटीला नव्हती. आता माझी अडचण आहे तर तू मला शपथ सांगतेस? अगं लाज वाटू दे कोमाय!”

बोलून झाल्यावर दोघींच्याही लक्षात आलं. अकरा वर्षांनी ‘तू’ आलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ ‘कोमाय’ही. एलादिओ पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. तो धार लावायचा थांबला.

प्रोवी तारेवर नख घासू लागली.

“तुला नाकाने वास येत नव्हता म्हणून बसत होतीस,” ती शेवटी म्हणाली.

“पहिल्या वर्षी,” तोमासा म्हणाली. “नंतर पडसं गेलं होतं. तुला सांगितलं नाही एवढंच.”

प्रोवीने तिच्याकडे बघितलं. मग आत गेली. प्लास्टिकची फुलं कोपऱ्यात भिरकावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आतून हाक आली, “एलादिओ! ये इकडे, हे धूड उचल. माझ्याने हलत नाही अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खलबत्ता मांडला गेला. प्रोवीने तो गरम पाण्याने तीनदा घासला, उन्हात वाळवला. मग त्यात खडेमीठ टाकलं, लसणाच्या पाकळ्या टाकल्या, आणि बत्ता हातात घेतला. तिला वाटलं होतं, दंड भरून येतील, मनगट दुखेल, आणि सगळं जुनं दुःख एकदम वर येईल. दंड भरून आलेच. पण हाताला सगळं ठाऊक होतं. कधी सरळ ठोकायचं, कधी कडेने फिरवायचं, पानं कधी टाकायची, कांद्याचं पाणी सुटलं की हात कसा हलका करायचा. हे कुणी सांगायची गरज पडली नाही. टक, टक, टकटक. सात वर्षांच्या मुलीला जे डोंगराएवढं वाटलं होतं ते आता तिच्या गुडघ्याएवढं होतं. आणि ओरडायला कुणी नव्हतं. कूट म्हणणारी तीच, कुटणारीही तीच.

रेकाओ पडला तसा वास उठला. त्या आठवड्यांत आमच्या डोंगराला चिखलाचा आणि कुजलेल्या पानांचा वास होता, त्यात ही हिरवी झुळूक. तोमासा मिरच्यांची देठं काढत होती. तिचे डोळे भरून आले.

“कांदा अजून चिरायचाय,” प्रोवी म्हणाली.

“माहीत आहे,” तोमासा म्हणाली आणि नाक पुसलं.

वीज नसलेल्या डोंगरात आवाज लांब जातो. आधी खालच्या घरची म्हातारी आली, “कोण कुटतंय?” म्हणत. मग दोन सुना आल्या. मग कुणी राजम्याचा उघडलेला डबा घेऊनच आलं, “एक चमचा घाला दोन्या प्रोवी, फक्त एक चमचा.” दुपारपर्यंत अंगणात बावीस माणसं. प्रोवीने कपाळ पुसलं आणि सगळ्यांवर एक नजर टाकली.

“सगळ्यांना हवंय. कुटायला कोण येणार? मी काय तुमची खानावळ आहे?”

“आम्हाला येत नाही,” एक सून म्हणाली.

“तुझ्या घरी शोकेसमध्ये खलबत्ता आहे की नाही? त्यात काय ठेवलंयस?”

“किल्ल्या,” सून खाली मान घालून म्हणाली.

“किल्ल्या काढ, खलबत्ता आण. तुमच्याकडे काय आहे? सुटी नाणी? ओता. आणा इकडे.”

तर असे नऊ खलबत्ते निघाले. एकात किल्ल्या, एकात बटणं, एकात मेलेली पाल. प्रोवीने नऊ जणांना ओळीत बसवलं, बायका आणि चार बाप्येही, आणि त्यांच्या मागून फेऱ्या घालत शिकवू लागली. तिच्या तोंडून कासिल्दा मावशीचेच शब्द निघत होते, आणि ते निघताना ती मधेच थांबून हसत होती. “वाटण गुळगुळीत नको! पण एकही लसूण साबूत दिसता कामा नये! अरे बाबा, तो लसूण तुझा शत्रू नाही, त्याला असं मारू नकोस. दाब. दाबून फिरव.” नऊ खलबत्त्यांचा ताल आधी जुळेना, मग कुणीतरी गुणगुणायला लागलं आणि जुळला. एलादिओ रिकाम्या पत्र्यावर साथ करू लागला, तेव्हा त्याला प्रोवीने पिटाळलं. “तू पाणी आण!”

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती पायरीवर बसली. हात नाकाशी नेला. साबणाने धुतलेला होता, तरी वास होताच. तिने एलादिओपुढे हात धरला.

“बघ. शाळेत यासाठी पोरं पळायची.”

एलादिओने हात धरून लांब श्वास घेतला. “मी यासाठीच खानावळीत यायचो,” तो म्हणाला. “तुला काय वाटलं, मावशीचा राजमा चांगला होता?”

लग्न ठरल्या दिवशीच करायचं ठरलं. आदल्या तीन दिवसांत नऊ खलबत्त्यांनी दोनशे माणसांचं वाटण केलं. लाल की हिरवं हा वाद निघायचा होता, पण टोमॅटो आणि ढोबळी मिरची सगळ्या डोंगरात औषधाला नव्हती.

“देवाने तुझ्या बाजूने कौल दिला,” तोमासा म्हणाली. “एवढं वादळ पाठवायची काय गरज होती, माझ्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं.”

शनिवारपर्यंत नदीचं पाणी बरंच उतरलं होतं, आणि सकाळी तिथे गंमत झाली. आब्दिएल आणि त्याची माणसं दोर धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, लग्नाचे कपडे डोक्यावर बांधून आली. पण पाद्रींना पोहता येत नव्हतं आणि अंगाने ते भरलेले. त्यांना टोपलीतून ओढायचं ठरलं. तेवढ्यात पलीकडून कुणी ओरडलं, “तांदळाचं पोतंही आहे! आधी काय पाठवू?”

अलीकडच्या काठावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“तांदूळ!” प्रोवी ओरडली.

“प्रोवी!” तोमासा म्हणाली.

“अगं, दोर तुटला आणि पाद्री पलीकडेच राहिले, तर लग्न उद्या होईल. तांदळाशिवाय जेवण कसं होईल?”

तांदूळ आला. मग दोन्ही हातांनी टोपली घट्ट धरून, डोळे मिटून प्रार्थना म्हणत पाद्री आले, आणि काठावर उतरताच त्यांनी विचारलं, “हा वास कसला?”

चुलीवर तेलात वाटण पडलं होतं. बिक्साच्या लाल बिया घातलेलं केशरी तेल, त्यात ती हिरवी ओंजळ, आणि चर्रर्र आवाज. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, मग डब्यातले तुरीचे दाणे, मग तांदूळ. एलादिओच्या डुकराने वादळ काढलं होतं, पण लग्न काढलं नाही. देवळाचं अर्धं छप्पर उडालं होतं, त्यामुळे नवरानवरीच्या डोक्यावर थेट ऊन पडलं होतं आणि पाद्रींनी विधी झटपट आटोपला; काही लोक म्हणतात उन्हामुळे, काही म्हणतात वासामुळे.

सगळे जेवायला बसले. नुसता चमच्यांचा आवाज. मग एक म्हातारा उठला, ज्याचं घर वादळात पूर्ण गेलं होतं. तो पातेल्याशी गेला आणि म्हणाला, “तळाची खरपुडी कुणी घेतली नसेल तर मला द्या.” त्याच्यामागे रांग लागली. खरपुडीवरून भांडणं लागली, हशा पिकला, कुणी गिटार काढली. त्या दिवशी एलेचोसमध्ये लोक अंधार पडेपर्यंत नाचले. पत्रे नव्हते, वीज नव्हती, पूल नव्हता.

प्रोवी एका खुर्चीवर पाय पसरून बसली होती. यारेलीस पांढऱ्या झग्यात तिच्यापुढे वाकली. “आशीर्वाद द्या, दोन्या प्रोवी.”

“देव तुझं भलं करो. आणि नवऱ्याला पहिल्या दिवसापासून कांदा चिरायला लाव.”

फेब्रुवारीत वीज आली. डोंगरभर आरोळ्या उठल्या, लोक रस्त्यावर येऊन भांडी वाजवू लागले. प्रोवी मात्र बाहेर आली नाही. तोमासा धावत तिच्या घरात गेली, तर ही स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभी, चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं हसू.

“अगं कोमाय! एवढं सगळं झाल्यावर पुन्हा मिक्सर?”

“मग? मी काय वेडी आहे?” प्रोवी म्हणाली आणि बटण दाबलं. “खलबत्त्याशी माझं भांडण मिटलं. लग्न नाही लावलं त्याच्याशी.”

खलबत्ता तिने यारेलीसला देऊन टाकला. मनापासून दिला, मागे वळूनही बघितलं नाही.

एप्रिलात नदीवर लोखंडी फळ्यांचा तात्पुरता पूल झाला. यारेलीसने दोघींना जेवायला बोलावलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा दंड धरून, फळ्यांतून खाली न बघता पलीकडे गेल्या. पोरीने राजमा केला होता, भोपळा घालून, दाट. दोघींनी पहिला घास घेतला आणि दोघींचे चमचे एकदमच थांबले.

“पोरी,” तोमासा हळूच म्हणाली, “यात काय घातलंयस?”

“वाटण, आजी. खलबत्त्यातलं. फक्त थोडं आलं घातलं. मी एका व्हिडिओत बघितलं होतं.”

“आलं,” प्रोवी म्हणाली.

“सोफ्रितोत,” तोमासा म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं, पोरीला आशीर्वाद दिला आणि निघाल्या. पूल ओलांडून आवाज पोचणार नाही इतक्या लांब आल्यावर तोमासाने तोंड उघडलं.

“आलं! तुझा हिरवा चारा परवडला.”

“तुझा ताप आलेला टोमॅटो परवडला. अगं, ही आजकालची पोरं उद्या दालचिनी घालतील.”

“तू शिकवलंस तिला. नीट शिकवायचं होतं.”

“नात कुणाची? रक्त कुणाचं?”

चढ चांगला मैलभराचा होता. एरवी दोघी तीनदा बसायच्या. त्या दिवशी एकदाही बसल्या नाहीत. भांडता भांडता, हातवारे करत, मधेच थांबून पोट धरून हसत त्या घरापर्यंत कधी पोचल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.